नोएल बेर्नार आणि ऑर्किडचें बीं

मोठ्या शहरांतील फूलवाल्यांच्या दुकानांत आतां ऑर्किडचीं फुलें सर्रास दिसतात. जांभळ्या, पांढऱ्या व पिवळ्या रंगांचीं हीं फुलें पुष्कळ दिवस टवटवीत राहतात, आणि लग्नमंडपांतून व सभास्थानांतून त्यांची आरास आपण कौतुकानें पाहतों. परंतु हें झाड बियांपासून कसें वाढवावें, असें कोणीं विचारिलें तर आपणांपैकीं फारच थोड्यांस उत्तर देतां येईल. ह्या वरवर साध्या दिसणाऱ्या प्रश्नानें युरोपांतील निष्णात माळ्यांस कित्येक वर्षें बेजार करून सोडिलें होतें. आणि ज्या फ्रेंच पंडितांनीं त्याचें उत्तर शोधून काढिलें, ते वयाचीं सदतीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच हें जग सोडून गेले. त्यांचें नांव नोएल बेर्नार. वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांत हें नांव आदरानें घेतलें जातें, परंतु शाळेंत शिकणाऱ्या मुलांच्या कानीं तें क्वचितच पडतें; म्हणून त्यांच्या चरित्राची थोडी ओळख आमच्या विद्यार्थिमित्रांस करून द्यावी, असें आम्हांस वाटलें.

प्रथम त्या बियांकडेच पाहूं. हरभऱ्याचा दाणा भिजवून सोलला तर त्याच्या दोन डाळी वेगळ्या होतात. ह्या डाळी म्हणजे झाडानें आपल्या लेंकरास प्रवासासाठीं बांधून दिलेली शिदोरीच होय. कोंब मातीबाहेर येऊन, पान उघडून, स्वतःचें अन्न स्वतः करूं लागेपर्यंत तो हीच शिदोरी खाऊन राहतो. गव्हाच्या दाण्यांतील पीठ व नारळांतील खोबरें हींही त्याच जातीचीं. ऑर्किडच्या बियांत मात्र अशी शिदोरी जवळजवळ नसतेच. तें बीं धुळीच्या कणासारखें असून वाऱ्याच्या झुळुकीबरोबर उडून जातें. आंत मोजक्या पेशींचा एक गर्भ आणि भोंवतीं एक पातळ, जाळीदार पिशवी, एवढाच त्याचा संसार. ना डाळ, ना पीठ. शिदोरीवांचून घराबाहेर पडलेल्या ह्या मुलांची संख्या मात्र अफाट असते. एका शेंगेंत हजारों, आणि कांहीं जातींत लाखों बिया असतात.

चार्ल्स डार्विन यांनीं १८६२ सालीं ऑर्किडच्या फुलांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत इंग्लंडांतील एका रानटी ऑर्किडच्या बियांची मोजदाद त्यांनीं दिली आहे. एका शेंगेंत सुमारें ६,२०० बिया, आणि तीस शेंगा धरलेल्या एका झाडावर १,८६,००० हून अधिक. खराब बिया वजा घालून बाकीच्या सर्व रुजल्या, तर एका झाडाचीं पणतवंडें पृथ्वीवरील जवळजवळ सारी जमीन झांकून टाकतील, असा हिशेब त्यांनीं मांडिला. परंतु प्रत्यक्षांत रानांत हीं झाडें तुरळकच आढळतात. मग ह्या कोट्यवधि बियांचें होतें तरी काय, आणि त्यांस कोण अडवितें? ह्याचा उलगडा त्या थोर निरीक्षकासही झाला नाहीं.

माळ्यांचा अनुभवही असाच चमत्कारिक होता. १८४९ सालीं डब्लिनजवळील ग्लासनेविन येथील बागेचे प्रमुख डेव्हिड मूर यांनीं बियांपासून ऑर्किडचीं रोपें उगवल्याचें प्रसिद्ध केलें. इंग्लंडांतील एक्सेटर येथें वीच यांच्या रोपवाटिकेंत जॉन डॉमिनी नांवाचे कुशल माळी होते. त्यांनीं दोन जातींच्या संकरापासून तयार केलेलें ऑर्किड १८५६ सालीं प्रथम फुललें. तथापि ह्या यशाचें कारण कोणासच नीट सांगतां येत नसे. स्वच्छ, नव्या मातींत बीं पेरलें तर तें बहुधा वायां जाई. जुन्या ऑर्किडच्या कुंडींत, आईच्या मुळांपाशीं टाकिलें तर कधीं कधीं एखाद-दुसरें रोप वर येई. आईच्या सावलींत असें काय असतें, हें गूढच होतें. इकडे श्रीमंतांचा ऑर्किडांचा षोक वाढत चालला होता, आणि बियांपासून रोपें होत नाहींत म्हणून दक्षिण अमेरिकेच्या व आशियाच्या अरण्यांतून तीं खरवडून आणिलीं जात. उंच फांद्यांवरील थोड्या ऑर्किडांसाठीं झाडेंच्या झाडें तोडण्यासही संग्राहक मागेंपुढें पाहत नसत. म्हणजे ह्या न रुजणाऱ्या बियांचें मोल अरण्यांस द्यावें लागत होतें.

नोएल बेर्नार यांचा जन्म पॅरिस शहरीं १३ मार्च १८७४ रोजीं झाला. फ्रान्सांतील उत्तमोत्तम अध्यापक जेथें घडविले जातात, त्या पॅरिसमधील एकोल नॉर्माल ह्या विख्यात विद्यालयांत त्यांचें उच्च शिक्षण झालें. तेथें वनस्पतिशास्त्राचे अध्यापक झ्युलियँ कोस्तांतँ यांचें मार्गदर्शन त्यांस लाभलें. त्या काळीं वनस्पतींच्या मुळांत राहणाऱ्या बुरशीकडे शास्त्रज्ञांचें लक्ष वेधलें होतें. १८८५ सालीं जर्मन शास्त्रज्ञ आल्बेर्ट फ्रांक यांनीं मूळ व बुरशी यांच्या ह्या जोडीस मायकोऱ्हायझा हें नांव दिलें होतें. ऑर्किडच्या मुळांतही अशी बुरशी असते, हें अनेकांनीं सूक्ष्मदर्शकांतून पाहिलें होतें. परंतु तिचा बियांशीं कांहीं संबंध असेल, हें कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें.

पुढें लष्करी सेवेची पाळी आली. फ्रान्सांत ती तरुणांस करावीच लागे. बेर्नार यांची नेमणूक पॅरिसच्या आग्नेयेस असलेल्या मलँ ह्या गांवीं झाली. तेथून जवळच फोंतेनब्लोचें प्रसिद्ध अरण्य आहे. ३ मे १८९९ ह्या दिवशीं ते त्या अरण्यांत असतां निओटिया नांवाचें एक ऑर्किड त्यांच्या दृष्टीस पडलें. हें झाड मोठें विलक्षण आहे. त्यांत हरितद्रव्य जवळजवळ नसल्यामुळें तें तपकिरी, वाळक्या पानासारखें दिसतें. त्याच्या मुळांचा गुंता पक्ष्याच्या घरट्यासारखा असतो, आणि त्यावरूनच त्याचें नांव पडलें आहे. मागील वर्षीं शेंगा धरलेला त्याचा एक दांडा वांकून वाळलेल्या पानांच्या थराखालीं गाडला गेला होता. शेंगांतील बियांस बाहेर उडून जाण्याची संधि मिळाली नव्हती. बेर्नार यांनीं त्या शेंगा उघडून पाहिल्या, तों आंतील बिया शेंगेंतच रुजलेल्या! कोणी शास्त्रज्ञ ज्या अवस्थेची वर्षानुवर्षें वाट पाहील, ती एका दांड्यावर शेंकड्यांनीं मांडून ठेविली होती.

रानांतून हिंडणाऱ्या दुसऱ्या एखाद्यानें ती कुजकट शेंग पाहून पायानें बाजूस सारिली असती. बेर्नार यांनीं ती सूक्ष्मदर्शकाखालीं धरली. रुजलेल्या प्रत्येक बियांत बुरशीचे तंतु शिरलेले होते. ओलावा, ऊब, काळोख हीं इतरत्रही असतात, परंतु तेवढ्यानें बीं रुजत नाहीं. मग येथें अधिक काय होतें? पानांच्या थरांतील बुरशी. ती आंत शिरली म्हणूनच बीं जागें झालें असावें, असें अनुमान त्यांनीं बांधिलें, आणि बाराच दिवसांनीं, १५ मे रोजीं, फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढें त्यांचें लहानसें टिपण सादर झालें. जुन्या कुंडीचें गूढही ह्या एका विचारानें उकललें. आईच्या मुळांत व भोंवतालच्या मातींत ती बुरशी आधींच वस्ती करून असते. नव्या, स्वच्छ मातींत ती नसते.

परंतु अनुमान म्हणजे सिद्धांत नव्हे. रानांत एकदां दिसलें तें प्रयोगशाळेंत पुन्हां पुन्हां दाखविल्याशिवाय शास्त्र मान देत नाहीं. बेर्नार यांनीं १९०१ सालीं आपला प्रबंध पुरा केला, आणि त्याच वर्षीं नॉर्मंडी प्रांतांतील कां येथील विद्यापीठांत त्यांस अध्यापकाची जागा मिळाली. तेथें त्यांनीं परीक्षानळ्यांत व कांचेच्या चंबूंत ऑर्किडचें बीं पेरण्यास आरंभ केला. प्रयोगाची कल्पना सोपी होती, कृति मात्र अत्यंत नाजूक. ऑर्किडच्या मुळांतून बुरशी वेगळी काढावयाची, इतर सर्व जंतूंपासून सोडवून ती एकटी वाढवावयाची. बींही जंतुरहित घ्यावयाचें. मग कांहीं नळ्यांत नुसतें बीं ठेवावयाचें, आणि कांहींत बीं व बुरशी एकत्र.

१९०३ सालीं ह्या प्रयोगांचें फळ त्यांनीं प्रसिद्ध केलें. बुरशीवांचून ठेविलेलें बीं थोडें फुगे, किंचित् हिरवें होई, आणि तेथेंच थांबे. महिने लोटले तरी पुढें सरकत नसे. जेथें योग्य बुरशीची सोबत मिळे तेथें मात्र त्याच बियांचा लहानसा हिरवा गोळा होई, त्यावर केंस येत, टोंकास पान फुटे, आणि शेवटीं मूळ निघे. ह्या गोळ्यास शास्त्रज्ञ प्रोटोकॉर्म म्हणतात. ऑर्किडच्या बाल्यावस्थेस हें नांव लावण्याची प्रथा बेर्नार यांच्यापासूनच रूढ झाली. कांचेच्या नळींत, डोळ्यांदेखत, ऑर्किडचें बीं हुकमी रुजविण्याची ही पहिलीच वेळ होती. ज्याची शिदोरी आईनें दिली नाहीं, त्यास ती बुरशीकडून मिळते, हें आतां निर्विवाद ठरलें.

ह्यापुढील त्यांचें काम आम्हांस सर्वांत अधिक विचार करावयास लावणारें वाटतें. बुरशी म्हटली कीं भाकरी नासविणारी, लोणचें बिघडविणारी, पिकावर रोग आणणारी वस्तु आपल्या डोळ्यांपुढें येते. ऑर्किडच्या बियांत शिरणारी बुरशी तरी बियांची मैत्रीण कशावरून? बेर्नार यांनीं पाहिलें कीं, ती सोयरीक करण्याच्या हेतूनें येतच नाहीं. ती चढाई करूनच येते. बियांच्या एका ठराविक टोंकाकडून तिचे तंतु आंत शिरतात आणि पेशींत त्यांचीं वेटोळीं होतात. पुढें तीन प्रकार घडूं शकतात. कधीं बुरशी बळावते आणि बीं मरतें. कधीं बियांच्या पेशी बुरशीस पार पचवून टाकतात. मग बुरशी नाहींशी होते आणि वाढही खुंटते. आणि कधीं दोघांचें बळ समतोल राहतें. पेशी वेटोळीं पचवीत राहतात, बुरशी नवे तंतु धाडीत राहते, आणि ह्या न संपणाऱ्या झुंजींतच रोप मोठें होतें. बुरशीची जातही जुळावी लागते. फॅलिनॉप्सिस व व्हँडा यांस जी मानवते ती ओडोंटोग्लॉसम यास चालत नाहीं. शिवाय फार काळ नळींत एकटीच वाढविलेली बुरशी आपलें सामर्थ्य हळूहळू गमावून बसते, असेंही त्यांस दिसून आलें. रोग आणि सहजीवन ह्यांच्यामध्यें भिंत नसून केवळ एक रेघ आहे, हा त्यांच्या १९०९ सालच्या मोठ्या निबंधाचा इत्यर्थ होय.

त्याच सुमारास त्यांनीं आणखी एक गोष्ट नोंदविली. ती त्या वेळीं किरकोळ वाटली, परंतु पुढें तिलाच मोठें महत्त्व आलें. आपल्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस सालम मिश्री हा पदार्थ ठाऊक असेल. थंडींत शक्तीसाठीं लाडवांत किंवा दुधांत ती घालितात. ही सालम मिश्री म्हणजे ऑर्किडच्याच कांहीं जातींचे सुकविलेले कंद. तुर्कस्थानांत ह्यांच्या पिठीचें गरम पेय करितात व त्यास सालेप म्हणतात. बेर्नार आपल्या नळ्यांतील खाद्यासाठीं हेंच सालेप वापरीत. त्यांस असें आढळलें कीं, सालेपाचा अर्क बराच दाट केला तर कांहीं जातींचें बीं बुरशीवांचूनही थोडेंफार वाढतें. ही नोंद त्यांच्या स्वतःच्या मुख्य सिद्धांतास अडचणीची होती. तरी ती त्यांनीं झांकून ठेविली नाहीं, हें विशेष होय.

येथें त्यांच्या एका चुकीचाही उल्लेख करणें अवश्य आहे, कारण थोरांच्या चुका लपविल्यानें चरित्र खोटें होतें. ऑर्किडवरून त्यांनीं बटाट्याकडे दृष्टि वळविली, आणि बटाटेही मुळांतील बुरशीच्या संसर्गामुळेंच धरतात असें प्रतिपादन केलें. पुढील संशोधनांत हें मत टिकलें नाहीं. दिवसाचें मान व झाडाच्या अंगांतील द्रव्यें यांच्या योगानें बटाटा धरतो, हें आज ज्ञात आहे. एका किल्लीनें एक कुलूप उघडलें म्हणजे तीच किल्ली सर्व दारांस लावून पाहण्याचा मोह होतो. तो ह्या सूक्ष्मदर्शी पुरुषासही झाला.

१९०८ सालीं प्वातिए येथील विद्यापीठांत ते प्राध्यापक झाले. विवाह झाला होता, घरांत लहान मुलगा होता, नांव देशोदेशीं पसरूं लागलें होतें. परंतु क्षयानें त्यांचें शरीर पोखरलें होतें. सूक्ष्म जीव आणि त्याचें यजमान शरीर यांच्या बळाचा तोल नळ्यांतून वर्षानुवर्षें न्याहाळणाऱ्या ह्या पुरुषाच्या स्वतःच्या देहांत तो तोल ढळला. क्षयावर तेव्हां खात्रीचें औषध नव्हतें. त्या जंतूस मारणारें पहिलें प्रभावी औषध हातीं येण्यास १९४३ साल उजाडावें लागलें. प्वातिएजवळ मोरॉक येथें २६ जानेवारी १९११ रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्या वेळीं त्यांचें वय छत्तीस वर्षांचें होतें. ऑर्किडचे कंद बुरशीस मारक असें द्रव्य तयार करितात, हें दाखविणारा त्यांचा लेख मृत्यूनंतर त्याच वर्षीं प्रसिद्ध झाला. वनस्पति आपल्या शत्रूस कसें थोपवितात, ह्या आजच्या मोठ्या अभ्यासशाखेचे आरंभ शोधतांना पंडित लोक त्या लेखापर्यंत जाऊन पोंचतात. त्यांच्या इतर लेखनाचें प्रकाशनही त्यांच्या पश्चात् झालें.

आतां त्या किरकोळ वाटणाऱ्या नोंदीचें काय झालें तें सांगूं. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत लुइस नुडसन हे वनस्पतींच्या शरीरव्यापाराचे प्राध्यापक होते. वनस्पतींस बाहेरून साखर दिली तर ती त्या कशी वापरतात, ह्याचा त्यांनीं अभ्यास केला होता. बेर्नार यांचे निबंध वाचून त्यांच्या मनांत आलें कीं, सालेपांत पिष्ट असतें. बुरशी तें फोडून त्याची साखर करीत असेल, आणि बियांस हवी असते ती ही साखरच. मग बुरशीस मधें न घेतां साखरच दिली तर? त्यांनीं क्षारांच्या द्रावणांत साखर व अगर घालून त्यावर निर्जंतुक बीं पेरलें. बीं रुजलें. १९२२ सालीं हें संशोधन त्यांनीं सविस्तर प्रसिद्ध केलें, तेव्हां पुष्कळांस तें पटलें नाहीं. बुरशीवांचून वाढलेलीं रोपें निकोप होऊन फुलतील कीं नाहीं, ह्याचीच शंका होती. १९३० सालीं नुडसन यांनीं चंबूंत बुरशीवांचून वाढलेल्या झाडास आलेल्या फुलाचें वर्णन प्रसिद्ध करून ती शंकाही फेडली. ह्यामुळें बेर्नार खोटे पडले काय? मुळींच नाहीं. रानांत बियांस साखर वाढून ठेवणारा कोणी नसतो. तेथें आजही बुरशीच शिदोरी देते. नुडसन यांनीं बुरशीचें काम मनुष्याच्या हातीं दिलें, एवढेंच; आणि तें काम कोणतें, हें बेर्नार यांनीं दाखविलें होतें.

आज हेंच काम हौशी लोक आपल्या स्वयंपाकघरांत करितात. फुलांतील परागांचा गोळा कोरणीनें उचलून त्याच जातीच्या दुसऱ्या फुलाच्या चिकट खांचेंत ठेविला कीं फूल मिटतें आणि त्याच्या मागील देंठ फुगून शेंग धरते. फॅलिनॉप्सिसची शेंग चार ते सहा महिन्यांत काढण्याजोगी होते. कॅटलियाची तडकण्यास नऊ महिने ते एक वर्ष लागतें. शेंग तडकण्यापूर्वीं, हिरवी असतांनाच घेणें सोईचें, कारण बंद शेंगेच्या आंत जंतु नसतात. बाहेरची साल तेवढी निर्जंतुक केली कीं झालें. तडकलेल्या शेंगेचें बीं विरंजक द्रावणांत बुडवून धुवावें लागतें. खाद्यासाठीं एक लिटर पाण्यांत २० ग्रॅम साखर, सुमारें १५ ग्रॅम अगर, म्हणजे वाण्याकडे मिळणारें चायना ग्रास, १ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, अर्धा ग्रॅम अमोनियम सल्फेट, पाव पाव ग्रॅम पोटॅशियम फॉस्फेट व मॅग्नेशियम सल्फेट आणि लोह व मँगनीज यांचा लेश घालितात. नुडसन यांनीं १९४६ सालीं दिलेलें हें प्रमाण अजून वापरांत आहे. हें मिश्रण बाटल्यांत भरून प्रेशर कुकरमध्यें १५ पौंड दाबावर १५ ते २० मिनिटें ठेवितात. मग वारा न लागणाऱ्या स्वच्छ पेटींत हात घालून शेंग कापावयाची, आणि आंतील पांढरी भुकटी खाद्यावर पसरून झांकण लावावयाचें. (स्पिरिट व ज्योत यांचें काम मोठ्या माणसांवांचून मुलांनीं करूं नये.) बाटली खिडकीच्या उजेडांत ठेवावी, परंतु तीवर ऊन पडूं देऊं नये. कांहीं आठवड्यांनीं हिरवे कण दिसूं लागतात. ते मोठे होतां होतां दाटी झाली म्हणजे नव्या बाटलींत विरळ करितात. सुमारें वर्षानें रोपें बाहेर काढून, मुळांचें अगर धुवून, शेवाळांत लावितात. फूल येण्यास त्यापुढें आणखी कित्येक वर्षें लागतात.

आम्हींही गेल्या वर्षीं एका स्नेह्यांनीं दिलेल्या फॅलिनॉप्सिसच्या शेंगेपासून सात बाटल्या केल्या. आठ दिवसांच्या आंत पांच बाटल्यांत काळी-हिरवी बुरशी चढली आणि सारें बीं गिळून बसली. साखर बियांस जशी हवी असते तशी ती जगांतील सर्व बुरशींसही हवी असते. आणि शिदोरी बाहेरून वाढून ठेविली कीं वाटमारे आधीं येतात. बेर्नार यांनीं दाखविलेला तो बळाचा तोल किती नाजूक, हें त्या पांच बाटल्या फेंकून देतांना आम्हांस जितकें कळलें तितकें वाचून कळलें नव्हतें. दोन बाटल्या मात्र स्वच्छ राहिल्या. त्यांत आतां मोहरीएवढे हिरवे गोळे आहेत, आणि एका गोळ्यास पानाचें टोंक फुटलें आहे. त्यांस फुलें येतील तेव्हां आज आठवींत बसणारे आमचे वाचक शाळा सोडून गेलेले असतील.

ह्या विद्येचा उपयोग केवळ शोभेपुरता नाहीं. एका शेंगेपासून हजारों रोपें होऊं लागल्यावर फुलांसाठीं अरण्यें ओरबाडण्याचें कारण उरलें नाहीं. रानटी जीवांच्या व्यापारास आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९७५ सालीं अमलांत आला, आणि सर्व ऑर्किडें त्याच्या छत्राखालीं आहेत. मात्र त्यांतील बहुतेक जातींचीं निर्जंतुक बाटल्यांत वाढलेलीं रोपें त्या बंधनांतून मोकळीं ठेविलीं आहेत, इतका ह्या बाटलीवर जगाचा विश्वास बसला आहे. आपल्या सह्याद्रीवरही ऑर्किडें आहेत. कासच्या पठारावर पावसाळ्यांत हबेनारियाचे पांढरे तुरे आपल्यापैकीं कित्येकांनीं सहलींत पाहिले असतील. तें झाड उपटून घरच्या कुंडींत लाविण्याचा मोह कोणास झाला, तर त्यानें बेर्नार यांची शेंग आठवावी. आपण उपटतों तें झाड. ज्या अदृश्य सोबत्यांच्या जिवावर त्याचें बीं तेथें रुजतें, ते त्या मातींतच राहतात.

नोएल बेर्नार यांस संशोधनासाठीं त्या शेंगेच्या दिवसापासून बारा वर्षेंही मिळालीं नाहींत. आपल्या शोधाच्या बळावर जगभर कांचगृहें भरतील, आणि घराघरांतून बाटल्यांत ऑर्किडें वाढतील, हें त्यांनीं पाहिलें नाहीं. स्वतःच्या सिद्धांतास अडचणीची अशी एक नोंद त्यांनीं प्रामाणिकपणें लिहून ठेविली, आणि तीच पुढच्यांस शिदोरी झाली. आमच्या खिडकींतील दोन बाटल्यांकडे पाहतांना आम्हांस त्यांची आठवण होते.